पंखावरचे दोन ठिपके

त्या दोन ठिपक्यांवरून माझं डोकं फिरलं, ते अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही. आई म्हणते, पातेली आपटायची तर आपट, पण झाकणं आपटू नकोस, पोचे आले की ती बसत नाहीत. आमच्या घरात माझ्या रागाशी सगळ्यांनी असा व्यवहारी समझोता केलेला आहे. पण हा राग घरातला नव्हता. तो मी रोज सकाळी बसमध्ये बसून चामराजपेटहून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत नेत होते आणि संध्याकाळी तसाच्या तसा परत आणत होते.

मी एका खासगी कंपनीत काम करते. आमच्याकडे एक छोटं विंड टनेल आहे. शेडच्या बाहेर दोन मोठ्या टाक्यांत हवा दाबून भरायची, झडप उघडायची, की ती हवा एका अरुंद पोलादी बोगद्यातून अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी वेळ सुसाट धावते. बोगद्यात विमानाचं किंवा ड्रोनचं हातभर लांब मॉडेल बसवलेलं असतं. त्याच्या पंखावर कुठे किती दाब आहे हे शोधायचं, हे आमचं काम. त्यासाठी मॉडेलला एक खास रंग देतो. दिसायला फिकट गुलाबी, अगदी बाळाच्या झबल्यासारखा. निळा दिवा लावला की तो तांबडा चमकतो. जिथे हवेचा दाब कमी, तिथे जास्त चमकतो, आणि दाब जास्त तिथे मंद होतो. वारा नसताना एक फोटो, वारा असताना दुसरा, एकाला दुसऱ्याने भागलं की पंखभर दाबाचा नकाशा मिळतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण या रंगाची एक खोड आहे. तो गार झाला तरी जास्त चमकतो. म्हणजे एखादी जागा चमकली तर तिथे दाब कमी आहे की ती जागा नुसती गार पडली आहे, हे रंग सांगत नाही. बोलायला तोंड एक आणि सांगायच्या गोष्टी दोन, अशी त्याची गत. आणि टाकीतली हवा सुटते तेव्हा ती गार होत जाते, तिच्याबरोबर मॉडेलही. हे मला कॉलेजपासून माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच आता स्वतःला माफ करता येत नाही.

आमची मॉडेलं अण्णा बनवायचे. चामराजपेटलाच, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. आमच्यासारखंच जुनं मराठी घर, इथे येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही नाही. धातूच्या ठोकळ्यातून ते पंख काढायचे. यंत्र त्यांचं काम बरंच करून द्यायचं, पण शेवटचा हात त्यांचाच. तळवा पंखावरून सावकाश फिरवायचे आणि जिथे थांबायचे तिथे नक्की काहीतरी राहिलेलं असायचं. मोजमापाच्या यंत्राला ते नंतर सापडायचं. ऑफिसात मी त्यांच्याशी मराठी बोलायचे, ते मला अक्का म्हणायचे. वयाने मी त्यांच्या मुलीएवढी आहे, पण ते हाक मानाने मारायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तिसरा मराठी माणूस म्हणजे आमचे विभागप्रमुख. पुण्याहून आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि हसून म्हणाले, तुम्हा लोकांची मराठी किती क्यूट आहे. मी तेव्हाही हसले होते. आता आठवलं की वाटतं, तेव्हाच दोन शब्द सुनावायला हवे होते.

गोष्ट आयुधपूजेची, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी बेंगळुरात एकही यंत्र हळदकुंकवाशिवाय राहत नाही, मग ती रिक्षा असो नाहीतर कंप्युटर. आमच्या शेडमध्ये हे काम दरवर्षी अण्णांचं. कंप्रेसर, झडप, लेथ, कपाटाच्या किल्ल्यासुद्धा, सगळ्यांना हळद, कुंकू, शेवंतीचं फूल. दाराला केळीचे खुंट. मग शेडच्या दारात कोहळा फोडायचा आणि सगळ्यांनी कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळं, खात बाहेर उभं राहायचं. त्या वर्षी बोगद्यात नवं मॉडेल बसवलेलं होतं, रंग आदल्याच दिवशी दिलेला. मी अण्णांना सांगितलं होतं की मॉडेलला बोट लावायचं नाही. ते सरी, म्हणजे बरं, म्हणाले आणि हळदीची वाटी घेऊन आत गेले. मी बाहेर कडलेपुरी खात होते.

सुट्टीनंतर पहिली चाचणी घेतली आणि पडद्यावर नकाशा उमटला. पंख जिथे धडाला मिळतो तिथे दोन गोल ठिपके. अंगठ्याच्या पेराएवढे, एकमेकांशेजारी, सुबक. आजूबाजूचा पंख शांत आणि हे दोन जागचे पेटलेले. नकाशाप्रमाणे तिथे दाब अचानक कोसळत होता, आणि अशा जागी दाब असा कोसळायला काहीही कारण नव्हतं.

प्रमुख माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी वाकून बघितलं आणि एक मिनिटही लागलं नाही त्यांना.

"हे काय, हळद आणि कुंकू," ते म्हणाले. "लॅब आहे की देऊळ?"

सगळे हसले. कन्नड हसले, तमीळ हसले, कालपरवा लागलेली मुलंसुद्धा हसली. कारण ते पटण्यासारखं होतं. हळद निळ्या दिव्याखाली चमकते, हेही कुणीतरी लगेच फोनवर शोधून काढलं. दुपारपर्यंत ईमेल आलं, सगळ्यांना. चाचणी क्षेत्रात यापुढे कुठलाही धार्मिक विधी होणार नाही, हाताळणीमुळे रंग दूषित झाला आहे, आणि मॉडेल बनवणाऱ्यांनी पुढची सूचना मिळेपर्यंत चाचणीच्या हॉलमध्ये येऊ नये. मॉडेल बनवणारा माणूस आमच्याकडे एकच होता. निवृत्तीला त्यांना तीन महिने राहिले होते आणि हे त्यांचं शेवटचं मॉडेल होतं. त्यांचं कार्ड त्या दाराला चालेनासं झालं.

मी गप्प बसले. हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले आहेत.

रंग खरवडून काढला, मॉडेल धुतलं, नवा रंग दिला. दोन्ही ठिपके पुन्हा आले. त्याच जागी, तेवढेच. मला वाटलं, आता तरी यांना कळेल. प्रमुख म्हणाले, आत मुरलं असेल. धातूत हळद मुरली. ते मॉडेल होतं की कैरीचं लोणचं? ज्या माणसाच्या नावापुढे एवढ्या पदव्या आहेत त्याला धातू आणि कैरी यांतला फरक सांगायची वेळ यावी, आणि तोही मी सांगू नये. कारण तोवर मला दुसरी शंका येऊ लागली होती, आणि ती माझ्याच अंगाशी येणारी होती.

सांगते. पूर्वी आम्ही वारा नसतानाचा फोटो प्रत्येक चाचणीनंतर लगेच घ्यायचो, मॉडेल अजून गार असतानाच. म्हणजे दोन्ही फोटोंत गारवा सारखा, भागाकारात तो निघून जातो. पण फोटो होईपर्यंत कंप्रेसर लावता यायचा नाही, कॅमेरा थरथरतो. दिवसाकाठी एखादी चाचणी त्यात जायची. मग मीच सुचवलं की सकाळी एकदाच फोटो घेऊ आणि दिवसभर तोच वापरू. मॉडेल जाड धातूचं, एवढ्या थोड्या वेळात असं किती गार होणार? पंखाला चारपाच बारीक भोकं असतात, त्यांना नळ्या जोडून तिथला खरा दाब मोजता येतो. नकाशा आणि त्या नळ्या यांत फरक पडलाच तर सगळा नकाशा उचलून थोडा वरखाली सरकवायचा. काम झपाट्याने होऊ लागलं. वार्षिक बैठकीत प्रमुखांनी माझं कौतुक केलं, टाळ्या पडल्या. आईला मी ते फोन करून सांगितलं होतं.

आता ठिपके जर गारव्याचे असतील तर चूक हळदीची नव्हती, माझ्या टाळ्यांची होती.

मी चार दिवस शंका पोटात ठेवली. चार दिवस अण्णा वर्कशॉपमधल्या स्टुलावर बसून जुनी मॉडेलं पुसत होते आणि मी त्यांच्यासमोरून चहाला जात होते. ते विचारायचे, काय अक्का, बरं चाललंय ना? मी म्हणायचे, चाललंय. माझा सगळा राग त्या दिवसांत प्रमुखांवर निघत होता, मनातल्या मनात. त्यांच्या शर्टावर, त्यांच्या हसण्यावर, ते चपातीला पोळी म्हणतात त्यावरसुद्धा. तो राग जिथे जायला हवा होता तिथे सोडून सगळीकडे जात होता.

पाचव्या दिवशी मला माझंच तोंड बघवेना. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले तेव्हा मी आणि झडप चालवणारा ऑपरेटर, दोघांनी एक चाचणी घेतली. वारा थांबला. मी कंप्रेसर लावू दिला नाही. निळे दिवे चालूच ठेवले आणि एकामागून एक फोटो घेत गेले.

वारा नव्हता. पंखावर सगळीकडे दाब सारखा होता, कुठल्याही खोलीत असतो तेवढाच. आणि तरीही ते दोन ठिपके चमकत होते. मग ते हळूहळू मंद व्हायला लागले, कडा विरल्या, आणि पाच मिनिटांत तिथे काही होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. हळद असती तर ती विरली नसती. कुंकू काही गरम झालं म्हणून नाहीसं होत नाही. वारा थांबल्याबरोबर घेतलेल्या फोटोने मी चाचणीच्या फोटोला भागलं तेव्हा नकाशा स्वच्छ निघाला. पंख सलग, ठिपके जवळजवळ गायब. आणि आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त झोंबली. बाकीचा पंखही थोडा गार झालाच होता. म्हणजे सकाळच्या फोटोची चूक मागच्या प्रत्येक मॉडेलमध्ये होती, फक्त सगळीकडे सारखी पसरलेली. नकाशा सरकवून मीच ती दर वेळी झाकत होते. या दोन ठिपक्यांनी तिला पहिल्यांदा चेहरा दिला होता आणि आम्ही तो चेहरा अण्णांचा समजलो.

पण एक कोडं राहिलं. त्याच दोन जागा बाकीच्या पंखाच्या आधी गार का पडतात? मला कळेना. मी तो फोटो छापून घेतला आणि रविवारी सकाळी मागच्या गल्लीत गेले.

अण्णा दारातच पायरीवर पेपर वाचत बसले होते. आत नेलं, त्यांच्या बायकोने कॉफी आणली. मी काही प्रस्तावना केली नाही, कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा बदलला, कागद उजेडाकडे धरला, आणि कॉफीवरची साय जमायच्या आत म्हणाले,

"हे माझे स्क्रू, अक्का."

मग त्यांनी समजावलं. आधीची सगळी मॉडेलं एकसंध होती. या गिऱ्हाइकाला तीन वेगवेगळे पंख बदलून बघायचे होते, म्हणून पंख वरून दोन स्क्रूंनी बसवले होते. स्क्रूची डोकी खोल बुडवून वरचे खड्डे पुट्टीने भरले आणि घासून इतके सपाट केले की बोटाला लागू नयेत. पुट्टी धातूसारखी नसते, म्हणाले. धातूला आतून ऊब मिळत राहते, पुट्टीला ती मिळत नाही, वारा लागला की स्वल्प वेळात वरची कातडी गार. हाताला कळतं ते. ड्रॉइंगमध्ये आहे की सगळं.

ड्रॉइंगवर सही माझी होती. त्यांनी काम इतकं बेमालूम केलं होतं की खाली स्क्रू आहेत हे आम्ही सगळे विसरून गेलो, आणि त्या बेमालूमपणाचीच शिक्षा त्यांना मिळाली. मी विचारलं, मग त्या दिवशी मॉडेलला हळद लावली होती का?

"तुम्ही नको म्हटलात ना. मी खाली स्टँडला लावलो, मॉडेलला नाही."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

ते कागदाची घडी करत होते. घडी नीट झाली तेव्हा म्हणाले, "कोण विचारलं मला?"

त्यांच्या बायकोने मग सांगितलं की ते घरी येऊन रोज हात निरखत असतात. साबणाने धुतात, वास घेतात. सकाळी देवाला कुंकू वाहायचं कामही आता तिलाच करावं लागतं. नाही लावलं हे पक्कं ठाऊक असूनही एवढे शिकलेले लोक म्हणतात तर बोटाला राहिलं असेल, चुकून लागलं असेल, असं त्यांना वाटायला लागलं होतं. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. म्हणून मला ते ऐकवेना.

मी त्यांना सकाळच्या फोटोचं सगळं सांगितलं. चूक माझी आहे, आणि चार दिवस मला शंका होती, हेही सांगितलं. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. ते नुसते सरी म्हणाले आणि कॉफी गार होतेय म्हणून आठवण केली.

सोमवारी बैठकीत मी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले. प्रमुखांना समजायला वेळ लागला नाही, माणूस हुशार आहे, तेच तर दुःख आहे. गुड कॅच म्हणाले. वारा थांबल्यावरचा फोटो पुन्हा सुरू करू, अहवालात तापमानाच्या दुरुस्तीचा एक परिच्छेद घालू, स्क्रूंवरच्या खड्ड्यांत पुट्टीऐवजी धातूच्या गुडद्या, म्हणजे बुचं, बसवून घेऊ. मी विचारलं, मागच्या अहवालांचं काय? ते बघू, म्हणाले. मग मी विचारलं, आणि ते ईमेल?

"अहो, आता ते कशाला उकरून काढता? दोन-अडीच महिन्यांत रिटायर होतोय तो माणूस."

"म्हणूनच," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणायचा मी प्रयत्नही केला नाही. सगळ्यांना पत्र पाठवून तुम्ही त्यांना बाहेर काढलंत, तर आत घेताना सगळ्यांना कळवा. तुम्ही ठिपके बघून हसलात, मीही गप्प बसले, या खोलीतल्या एकानेही तो फोटो ज्याने मॉडेल बनवलं त्याला दाखवला नाही. दाखवला असता तर दहा सेकंदांत काम झालं असतं. हळद दिसली की आपली अक्कल बंद पडते का? हे सगळं मी मराठीत बोलले, आमच्या क्यूट मराठीत, आणि बाकीच्यांना शब्द कळले नसले तरी बाकी सगळं कळलं.

प्रमुखांनी ईमेल पाठवलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून मी पाठवलं, सगळ्यांना, तीन ओळींचं. ठिपके स्क्रूवरच्या पुट्टीच्या गारव्याचे होते. ते दिसले कारण दिवसभर सकाळचा एकच फोटो वापरण्याची पद्धत चुकीची होती, आणि ती पद्धत माझी होती. अण्णांनी मॉडेलला हात लावला नव्हता. ऑपरेटरने अंगठा दाखवणारं चिन्ह पाठवलं. बाकी कुणी काही लिहिलं नाही. प्रमुख आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि त्या वर्षी माझ्यासाठी टाळ्या पडल्या नाहीत. त्याचं मला काही वाटलं नाही. खरं तर तो आठवडा मला फार शांत गेला.

कार्ड मात्र चालू झालं, कारण गुडद्या बसवायला अण्णांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. ते सकाळी आले तेव्हा मी हॉलमध्ये मॉडेलपाशी उभी होते. दाराच्या काचेतून ते दिसले. गळ्यात कार्ड होतं, ते त्यांनी लावलं नाही. काचेवर टकटक केली. मी जाऊन दार उघडलं आणि म्हणाले, अण्णा, कार्ड चालतं आता, या ना आत.

ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. या हॉलमधली एकूण एक गोष्ट त्यांच्या हातची, झडपेच्या मुठीपासून मॉडेलच्या स्टँडपर्यंत. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले, तळवे वर करून, शाळेत नखं दाखवायला धरतात तसे.

"धुतलेत, अक्का," ते म्हणाले. "बघून घ्या."